गोठत्या दलदलीत शॉटगन चालती ठेवताना

नोव्हेंबर अर्धा सरला की नॉर्थ डकोटातली उथळ तळी काठाकडून गोठायला लागतात. मधोमध उरलेल्या उघड्या पाण्यात मॅलार्ड बदकं दाटीने उतरतात आणि वायव्येचा वारा सुटला की कॅनडाच्या गवताळ मुलखातून निघालेले थवे ढगांखालून येताना दिसतात. बदकांच्या शिकारीचे सगळ्यांत चांगले दिवस ते हेच, हवा सगळ्यांत वाईट असते तेव्हाचे. पारा उणे दहाच्या खाली, वाऱ्याबरोबर अंगावर येणारे पाण्याचे तुषार, भिजलेले हातमोजे, बोटीच्या तळाला चिखल आणि पाणकणसाची बोंडं फुटून उडणारा कापूस. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन अडते तीही नेमकी याच दिवसांत. उन्हाळाभर रेंजवर बिनतक्रार चाललेली बंदूक इथे पहिल्या बारानंतर गप्प बसते आणि माणसं कंपनीला नावं ठेवायला लागतात.

यात कंपनीचा दोष क्वचितच असतो. बंदूक अडते ती जास्तीच्या तेलाने, आत साचलेल्या पाण्याने आणि पुरता न मिटलेल्या बोल्टने. तिन्ही गोष्टी वापरणाऱ्याच्या हातातल्या आहेत. दोन हजार डॉलरची बंदूक घेतली म्हणून त्या टळत नाहीत आणि सहाशे डॉलरची असली म्हणून टाळता येत नाहीत असंही नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषय मिटला आणि ते चांगलंच झालं. भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला आपण जातो ते दुर्बीण घेऊन. पण अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी घरांत शेजाऱ्याबरोबर किंवा ऑफिसातल्या मित्राबरोबर शिकारीला जाणारे आता भेटतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तिकडे पाणपक्ष्यांची शिकार नियमांनी घट्ट बांधलेली आहे. हंगाम ठरलेला, रोजची संख्या ठरलेली, वेळ साधारणपणे सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तापर्यंत. अमेरिकेत १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येक पाणपक्षी-शिकाऱ्याला डक स्टॅम्प घ्यावा लागतो. १९३४ साली सुरू झालेल्या या तिकिटाचा जवळपास सगळा पैसा पाणथळ जागा राखायला जातो.

एक गोष्ट आपल्या लोकांना विशेष सांगायला हवी. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरतो. कुठल्या तरी राज्याचा चालू शिकार परवाना असणं हा त्यातला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद. मित्राची बंदूक हातात घेणंही ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं. म्हणून परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, आणि परवाना कधी संपतो ती तारीख लक्षात. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही. तरीही प्रत्येक राज्याचे नियम निराळे असतात, तेव्हा शंका असेल तर वकिलाला विचारा. कॅनडात बंदूक-सुरक्षेचा कोर्स करून बंदूक बाळगण्याचा परवाना मिळवावा लागतो.

आता बंदूक भरवशाची असावी हा आग्रह कशासाठी? जास्त पक्षी पडावेत म्हणून नव्हे. स्थलांतरी पक्ष्यांसाठी अमेरिकेत आणि कॅनडात बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं ठेवता येतात. मॅगझिनमध्ये दट्ट्या बसवून त्याची जागा दोन काडतुसांपुरती करावी लागते. पहिल्या बाराने पक्षी जागीच मेला नाही आणि पंखात छर्रे घेऊन पाण्यावर पडला, तर त्याला ताबडतोब संपवण्यासाठी दुसरा बार लागतो. तो अडला की जखमी पक्षी पाणकणसात शिरतो आणि बहुतेक वेळा कुत्र्यालाही सापडत नाही. पक्षी जखमी करून हरवणं ही शिकारीतली सगळ्यांत वाईट गोष्ट. माझ्या लेखी बंदूक नीट ठेवण्याचं एवढं एकच कारण पुरेसं आहे.

आत काय चालतं

जॉन ब्राउनिंगच्या ऑटो-५ या बंदुकीपासून ही सगळी परंपरा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये एफएन कंपनीने ती बनवायला घेतली. तिच्यात बार उडाला की नळी आणि बोल्ट दोन्ही एकत्र मागे सरकतात. नळीला आवर घालायला मॅगझिनच्या नळकांड्यावर घर्षणाच्या कड्या असतात आणि काडतूस जड की हलकं त्याप्रमाणे त्यांची जागा बदलावी लागते. आजोबांची ऑटो-५ वापरणारी घरं तिकडे अजून आहेत. अशी बंदूक हाती आली तर कड्या कुठे बसवल्यात ते आधी पाहा आणि ते नळकांडं तेलाने माखू नका. तेलाने ब्रेक निसटतो, नळी दाणकन मागे आदळते आणि पुढचा लाकडी दस्ता तडकतो.

पुढे गॅसवर चालणाऱ्या बंदुका आल्या. १९६३ची रेमिंग्टन ११०० ही त्यांतली गाजलेली. हिच्यात नळीला खालच्या बाजूला भोकं असतात. छर्रे पुढे जाताना जळत्या दारूचा थोडा वायू त्या भोकांतून येऊन पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला मागे रेटतो. धक्का खांद्याला सौम्य लागतो, कारण त्याचा जोर थोडा लांबवर पसरतो. पण जळक्या दारूची काजळी पिस्टनभोवती साचते. थंडीत दारू नीट जळत नाही आणि न जळलेले कणही त्यात येऊन पडतात. ११०० आणि ११-८७ या बंदुकांत वायू अडवणारी एक रबरी कडी असते. ती चिरली की बंदूक एकेका बाराची होते. किंमत अगदी किरकोळ. सुटी कडी खिशात असायलाच हवी.

तिसरी तऱ्हा इनर्शियाची, म्हणजे जडत्वाची. इटलीतल्या उर्बिनोच्या बेनेली कंपनीने ब्रुनो चिवोलानी यांच्या रचनेवर ती उभी केली. यात बोल्टचे दोन भाग असतात, पुढचं फिरतं डोकं आणि मागचं वजनदार अंग, आणि त्या दोघांमध्ये एक आखूड, कडक स्प्रिंग. बार उडताच सगळी बंदूक खांद्याकडे झेपावते, पण बोल्टचं अंग क्षणभर जागच्या जागी राहतं. त्यामुळे स्प्रिंग दाबली जाते. मग ती उलगडते, अंगाला मागे फेकते, डोकं फिरून कुलूप सुटतं आणि रिकामं काडतूस बाहेर पडतं. वायूचा संबंध नाही, म्हणून काजळीही फारशी आत येत नाही.

याच कंपनीची सुपर ब्लॅक ईगल १९९१ साली साडेतीन इंची काडतुसं झेलणारी सेमी-ऑटोमॅटिक म्हणून बाजारात आली. त्याच वर्षी अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छर्र्यांवर देशभर बंदी लागू झाली. दलदलीच्या तळाशी पडलेलं शिसं बदकं खड्यांसारखं गिळत आणि विषबाधेने मरत. त्याच्या जागी आलेलं पोलाद शिशाहून हलकं, म्हणून छर्रे मोठे घ्यावे लागले आणि ते मावायला काडतुसं लांब झाली. आजच्या बंदुकांना एकीकडे हे जबर काडतूस आणि दुसरीकडे हलकं काडतूस, दोन्ही पचवावं लागतं. अडण्याची निम्मी गोष्ट या ताणातच आहे. इनर्शियाच्या बंदुकीला पुरेसा धक्का मिळाला नाही तर बोल्ट अर्ध्यातच थांबतो. म्हणून तिच्यात अगदी हलकी, स्वस्त टार्गेटची काडतुसं घालून ‘बंदूक खराब’ म्हणू नका. तिला मागे सरकायला मोकळीकही हवी. झाडाच्या खोडाला किंवा बोटीच्या काठाला दस्ता घट्ट टेकवून बार काढलात, तर ती चालणार नाही.

‘इनर्शिया कधीच अडत नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं नाही. चिखल आणि काजळी ती जास्त सोसते, एवढं खरं.

तेल

नवी बंदूक पेटीतून निघते तेव्हा तिच्यावर गंज लागू नये म्हणून लावलेलं दाट तेल असतं. ते वंगण नव्हे. बंदूक उघडून बोल्ट, चेंबर, ट्रिगरचा संच, मॅगझिनचं नळकांडं सगळं सॉल्व्हंटने पुसून कोरडं करा आणि मगच पहिल्यांदा वापरा.

पुण्यातसुद्धा डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. उणे पंधराला बंदुकीतल्या साध्या तेलाचं काय होत असेल ते त्यावरून ओळखावं. बोल्ट जड होतो, मागे जातो तो पूर्ण जात नाही, पुढे येतो तो जोरात येत नाही. सगळ्यांत लबाड जागा म्हणजे बोल्टच्या पोटातली फायरिंग पिनची वाट. तिथे तेल थिजलं की पिनचा ठोका हलका पडतो, प्रायमरवर नुसता पुसट खळगा उमटतो आणि बार उडत नाही. पिनची वाट पूर्ण कोरडी हवी. थेंबभरही तेल नको.

बाकी ठिकाणी काय लावायचं? थंडीत न थिजणारं सिंथेटिक तेल, बोटाला जेमतेम ओलावा लागेल इतकं. बोल्ट रिसीव्हरमध्ये जिथे घासतो त्या पट्ट्या, बोल्टच्या डोक्याची फिरणारी खाच, ट्रिगरचे सांधे. लावून झालं की कोऱ्या फडक्याने पुसून घ्या, उरेल तेवढं पुरे. हिमातल्या बंदुकीला ग्रीस नको. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकून लावायला उत्तम आहे, पण वंगण म्हणून आत राहू दिलं तर काही महिन्यांत त्याचा चिकट थर बसतो. पाणी काढा, पुसा, आणि मग योग्य तेल लावा. वाऱ्यावर उडणारा पाणकणसाचा कापूस आणि शेतातली धूळ तेलकट बंदुकीला चिकटते, कोरड्या बंदुकीतून झटकून जाते.

तेल कमी लावा हे सांगितलेलं आपल्या माणसांना पटत नाही. शिवणयंत्रापासून सायकलीपर्यंत आपण सगळ्याला तेल पाजत आलोय. इथे हात आखडताच ठेवा.

पाणी

तेलाहून जास्त बंदुका पाणी अडवतं, आणि तेही बहुधा दलदलीतलं नव्हे, घरातलं. दिवसभर उणे तापमानात राहिलेली बंदूक संध्याकाळी मोटेलच्या गरम खोलीत आणली की तिच्या थंड धातूवर हवेतली वाफ धरते. बाहेरून पुसता येतं, पण रिसीव्हरच्या आत, ट्रिगरच्या संचात, मॅगझिनच्या स्प्रिंगवर तेच दव बसलेलं असतं. सकाळी ती परत थंडीत गेली की त्याचं बर्फ होतं. चाप ओढला तर हॅमर गोठलेला. म्हणून मुक्कामात बंदूक गरम खोलीत न आणता शक्य तिथे न तापवलेल्या गॅरेजमध्ये किंवा गाडीत, रिकामी करून, कुलूपबंद आणि कायद्याने सांगितलं असेल तशी ठेवा. तिथे चोरीची भीती असेल आणि आत आणावीच लागली, तर कव्हरमधून बाहेर काढा, बोल्ट मागे अडकवून ठेवा, खोलीइतकी गरम होऊ द्या आणि मग नळी उतरवून सगळं पुसून कोरडं करा. ओल्या कव्हरमध्ये बंद करून ठेवलेली बंदूक एका रात्रीत गंजते.

ॲक्शनमध्ये कचरा गेला म्हणून तोंडाने फुंकर मारू नका. श्वासातली वाफ तिथेच गोठते. गोठलेल्या बोल्टवर थर्मासमधली कॉफी ओतणारेही पाहिलेत. पाच मिनिटं बरं वाटतं, मग पहिल्यापेक्षा जास्त बर्फ. त्यापेक्षा कोरडा ब्रश जवळ ठेवा आणि लपणात बंदुकीची ॲक्शन वाऱ्याच्या आडोशाला, उजवी बाजू वर येणार नाही अशी धरा. बहुतेक बंदुकांची काडतूस टाकण्याची खिडकी उजवीकडे असते आणि हिम, कापूस सगळं तिच्यातूनच आत जातं.

पाण्याची एक लपलेली जागा आहे, तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. कित्येक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांत बोल्टला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळीत असते. बंदूक लपणात उभी टेकवून ठेवली की रिसीव्हरमधलं पाणी ओघळत सरळ त्या नळीत उतरतं आणि तिथेच राहतं. मिनेसोटातल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये अशी बंदूक उघडलेली मी पाहिली. तक्रार एवढीच, की बोल्ट पुढे जाताना आळस करतो. बंदूक बाहेरून आरशासारखी होती. दस्त्याच्या टोकाचं रबर काढलं, लांब पान्याने नट सोडवला, दस्ता ओढून काढला आणि नळीच्या तोंडाचा अडसर काढताच वर्तमानपत्रावर चहाच्या रंगाचं पाणी सांडलं. मागोमाग स्प्रिंग आली, तिची वेटोळी जागोजागी एकमेकांना चिकटलेली. आतल्या दट्ट्यावर गंजाचे ओरखडे. नळी ब्रशने घासली, कोरडी केली, नवी स्प्रिंग टाकली. बोल्ट लगेच खाडकन मिटायला लागला. हे काम वर्षातून एकदा करायचं, आणि बंदूक पाण्यात पडली तर त्याच संध्याकाळी. सुटणारी स्प्रिंग जोरात येते, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा आणि तोंड दुसरीकडे हवं. स्वतःला जमणार नसेल तर हंगाम संपल्यावर बंदूक गनस्मिथकडे द्या. काही बंदुकांत, फ्रांकी अफिनिटीमध्ये उदाहरणार्थ, ही स्प्रिंग पुढे मॅगझिनच्या नळकांड्याभोवती असते. साफ करायला ती फार सोयीची.

मॅगझिनच्या आतही वर्षातून एकदा डोकावा. टोपी काढताना तिथलीही स्प्रिंग उडते, अंगठा धरून ठेवा. तीन काडतुसांच्या नियमासाठी लाकडी दांडी कापून घातली असेल तर ती काढून प्लास्टिकची घाला. लाकूड पाण्याने फुगतं.

मेनच्या किनाऱ्यावर किंवा चेसापीक उपसागरात समुद्री बदकांच्या मागे जाणार असाल तर मिठाचा हिशेब वेगळा. खाऱ्या तुषारांनी न्हालेली बंदूक घरी आल्यावर गोड्या पाण्याने सरळ धुऊन काढावी लागते. नळी आणि ट्रिगरचा संच उतरवा, धुवा, हवेच्या झोताने पाणी उडवा, पाणी हटवणारा फवारा मारा, पुसा, मग तेलाचा हात फिरवा. ‘उद्या करू’ म्हटलं की पिनांच्या टोकांना तांबूस ठिपके आलेच. आतून क्रोम असलेली नळी, सिंथेटिक दस्ता आणि सेराकोटसारखा लेप यांवर जास्तीचे पैसे खर्च करायचे तर ते इथे.

बोल्ट मिटला का?

फिरत्या डोक्याच्या बोल्टची एक खोड इतकी ठाऊक झालेली आहे, की अमेरिकन शिकारी तिला ‘बेनेली क्लिक’च म्हणतात. पक्षी डोक्यावर, चाप ओढला, आणि नुसता ‘क्लिक’. कारण असं, की बोल्टचं डोकं शेवटच्या वळणापर्यंत फिरून कुलपात बसलेलं नसतं. बहुधा पहाटे अंधारात आवाज नको म्हणून बोल्टची मूठ हाताने धरून तो हळूच मिटवलेला असतो. किंवा भरलेल्या बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटल्याने बोल्ट केसभर मागे सरकलेला असतो. नव्या सुपर ब्लॅक ईगल-३मध्ये यावर तोडगा म्हणून डोक्याला जागेवर खेचून धरणारी रचना दिलेली आहे. जुन्या बंदुकांत मात्र काळजी आपणच घ्यायची.

उपाय सोपा. काडतूस भरताना बोल्ट पूर्ण मागून सुटू द्या, खाडकन. आवाजाने बदकं जातील ही भीती सोडा, कायद्याची वेळ होण्याआधी बार काढायचा नाहीच आहे. त्यानंतर अधूनमधून, आणि बंदूक कुठे टेकली-आपटली असेल तर लगेच, बोट चापाबाहेर ठेवून मूठ तळहाताने पुढे दाबून बघा. गॅसच्या बंदुकीलाही ही सवय लावली तर नुकसान नाही. बोटीत चढता-उतरताना, पाण्यातून चालताना बंदूक रिकामी असलीच पाहिजे.

काडतुसं

बंदुकीची इतकी सेवा करून लोक मागच्या वर्षीची, पिशवीच्या तळाला राहिलेली काडतुसं घालतात. पोलादी छर्र्यांच्या काडतुसाचा पाणी हा मोठा वैरी. बुडाची पितळी टोपी पुष्कळदा पितळेचा मुलामा दिलेलं पोलाद असते, ती गंजून खरखरीत होते आणि चेंबरमध्ये घट्ट बसते. मग बोल्ट कितीही जोर लावो, रिकामं काडतूस निघत नाही. आतल्या छर्र्यांचं काय होतं तेही मी पाहिलंय. पाणी गेलेलं एक काडतूस एका जुन्या शिकाऱ्याने कापून दाखवलं. सुटे छर्रे सांडण्याऐवजी एक तपकिरी ढेकूळ बाहेर आलं, नखानेही न फुटणारं. असं ढेकूळ नळीच्या चोकमधून जाणं धोक्याचं आहे. तुम्ही काडतुसं कापत बसू नका. फुगलेलं, गंजलेलं, भिजून वाळलेलं काडतूस वेगळं काढा आणि नेमबाजीच्या रेंजवर किंवा पोलिसांकडे विचारून द्या. दर संध्याकाळी उरलेली काडतुसं पिशवीतून काढून पुसून उघड्यावर वाळवा.

चेंबरसुद्धा घासा. नळी साफ करणारे पुष्कळ, चेंबर साफ करणारे थोडे. वितळलेल्या प्लास्टिकचा आणि गंजाचा थर तिथेच बसतो. कांस्याचा जाड ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून फिरवा, कोरडा करा. रिकामी काडतुसं निघताना अडखळत असतील, तर निम्म्या वेळा रोग इथे असतो.

आणि २० गेजचं काडतूस १२ गेजच्या खिशात कधीही जाऊ देऊ नका. ते १२च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून दुसरं बसतं, आणि नळी हाताजवळ फुटते. २०ची काडतुसं म्हणूनच पिवळी बनवतात.

अडलीच तर

नळीचं तोंड मोकळ्या दिशेला, बोट बाहेर. नुसता क्लिक झाला तर अर्धं ते एक मिनिट तशीच धरून ठेवा, कारण ओलसर काडतूस उशिराने उडू शकतं. मग बोल्ट मागे घ्या. बाराचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर ताबडतोब थांबा. प्लास्टिकचा वॅड नळीत अडकलेला असू शकतो आणि त्यावर दुसरा बार म्हणजे नळीच्या चिंध्या. बंदूक रिकामी करा, मॅगझिनची टोपी सोडवून नळी उतरवा आणि तिच्यातून उजेड दिसतो का पाहा. सेमी-ऑटोमॅटिकची नळी अर्ध्या मिनिटात उतरते, तेव्हा आळसाला जागा नाही. नळीच्या टोकात हिम किंवा चिखल गेल्याची नुसती शंका आली तरी हेच करायचं. दोरीचा साफ करणारा फडका खिशात मावतो, तो असू द्या. त्याबरोबर कोरडं फडकं, छोटा ब्रश, तेलाची बारीक बाटली, पिन काढायची कांडी.

काम नाजूक असेल तर दलदलीत, गोठल्या बोटांनी बंदूक उघडू नका. कणाएवढा एखादा भाग पाण्यात पडला की दिवस संपला. गाडीत हाताने चालवायची एक पंप शॉटगन असावी, रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५००. पंपला वायूची किंवा धक्क्याची गरज नसते, हाताचा जोर पुरतो. उणे वीसच्या हवेत रोज बाहेर पडणाऱ्याने मुख्य बंदूक म्हणूनही तिचा विचार करायला काहीच हरकत नाही.

हवेबद्दल आणखी एक. ११ नोव्हेंबर १९४० रोजी सकाळी उबदार असलेल्या मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात दुपारपर्यंत हिमवादळ आलं आणि मध्य-पश्चिमेत सुमारे दीडशे माणसं गेली. त्यांत पातळ कपड्यांनिशी बेटांवर अडकलेले बदकांचे शिकारी पुष्कळ होते. बंदूक गोठवणारी हवा माणसालाही सोडत नाही. अंदाज वाईट असेल तर परत फिरा.

घेताना

पहिली बंदूक घेणाऱ्याला मी तीन इंची चेंबरची सुचवेन. साडेतीन इंचीची गरज फार थोड्यांना पडते, आणि तिच्या धक्क्याने नेम चुकायला लागतो. खांदा नाजूक असेल, टार्गेटवरही तीच बंदूक वापरायची असेल आणि दर आठवड्याला पिस्टन पुसण्याची तयारी असेल, तर बेरेटा ए३०० किंवा ए४००सारखी गॅसची बंदूक घ्या. खारं पाणी, चिखल आणि कमी देखभाल असं गणित असेल तर इनर्शियाची.

जुनी घेत असाल तर दुकानदाराला दस्ता काढून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. चेंबरमध्ये टॉर्च मारून गंजाचे खड्डे पाहा, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाची धार पाहा. नळी पोलादी छर्र्यांसाठी चालते का हे कंपनीच्या माहितीवरून नक्की करा. बेल्जियममध्ये बनलेल्या जुन्या ऑटो-५च्या मूळ नळ्यांतून पोलादी छर्रे काढू नका असं ब्राउनिंग कंपनी स्वतः सांगते. त्यांच्यासाठी बिस्मथची काडतुसं मिळतात, महाग असली तरी.

आणि हंगामाआधी, सप्टेंबरात, बंदूक तपासायची ती शिकारीच्याच काडतुसांनी. टार्गेटच्या स्वस्त काडतुसांवर चालली म्हणजे जाड पोलादी काडतुसांवर चालेलच असं नाही, आणि उलटही नाही. शिकारीचं जाड जॅकेट आणि हातमोजे घाला, एक पेटीभर बार काढा, प्रत्येक वेळी तीन काडतुसं भरून. कुठलं काडतूस कितव्या बाराला अडलं ते लिहून ठेवा. पहिल्याच बाराला अडत असेल तर बोल्ट मिटण्याकडे बघा, दुसऱ्या-तिसऱ्याला अडत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग आणि दस्त्यातली नळी, आणि रिकामं काडतूस चेंबरमध्येच राहत असेल तर चेंबर. सुटे भाग मागवायला तेव्हा हातात अजून महिनाभर असतो.